पारण्याच्या दिवशीचा काळा पडदा

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर कोन लागते. एके काळी भातखाचरांनी वेढलेले हे गाव आता ओळखूही येत नाही. जवळून द्रुतगती मार्ग जातो, रसायनीकडे वळणारा रस्ता अवजड वाहनांनी भरलेला असतो, गोदामे आहेत, आणि गिरणी कामगारांसाठी म्हाडाने सोडत काढलेल्या घरांच्या उंच इमारती दुरूनही दिसतात. जेथे घरे उभी राहतात तेथे कड्या, बिजागऱ्या, नळ, रंग आणि खिळे यांची दुकानेही उभी राहतात. अशाच एका हार्डवेअरच्या दुकानात यंदा पर्युषणानंतर जे घडले ते पुष्कळ व्यापारी घरांत घडत असते. फरक एवढाच की या घरातील माणसांनी घाई केली नाही, किंवा केलेली घाई वेळीच आवरली.

हार्डवेअर या शब्दाची गंमत येथे सांगावीशी वाटते. आज हा शब्द उच्चारताच तरुणांच्या डोळ्यांपुढे संगणकाचे सुटे भाग येतात. मूळ शब्द मात्र लोखंडी सामान विकणाऱ्याचाच. संगणकवाल्यांनी तो उसना घेतला आणि आता मूळ मालकालाच खुलासा करावा लागतो. तेव्हा कोनच्या त्या दुकानात हार्डवेअरच्या मध्यभागी बसलेले हार्डवेअर बिघडले, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुकानाचा सारा व्यवहार एका टेबलावरच्या संगणकात होता. विक्रीची बिले, ठेकेदारांची उधारी, मालाचा साठा आणि वस्तू व सेवा कराची विवरणे टॅलीत ठेवलेली. त्याशिवाय आणखी एक गोष्ट त्याच यंत्रात होती, आणि ती दुकानापेक्षाही नाजूक होती. घरातील वडीलधारे शेठ स्थानिक संघाचे कोषाध्यक्ष. देवद्रव्य, साधारण खाते, जीवदया, साधर्मिक भक्ती या प्रत्येकाचा हिशेब वेगळा. देवद्रव्याचा एक रुपया चुकून साधारण खात्यात गेला तरी झोप उडावी, असे संस्कार असलेले हे घर. दुकानाची उधारी बुडाली तर नुकसान आपले. संघाचा हिशेब गेला तर उत्तर कोणाला आणि कसे द्यायचे?

हे सारे सांभाळत होती घरातील सून. वाणिज्य शाखेची पदवीधर, हाताने नेमकी, बोलण्यास मोजकी. यंदा तिने पर्युषणात अठ्ठाई केली. आठ दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही आणि संगणकाला कोणी हात लावला नाही. बिले त्या काळात हातानेच फाडली गेली. संवत्सरीचे प्रतिक्रमण झाले, दुसऱ्या दिवशी सकाळी पारणे झाले, आणि दुपारी ती दुकानात येऊन बसली. मासिक विवरणपत्र भरण्याच्या वीस तारखेला चार दिवस उरले होते. तिने कळ दाबली. दिवा लागला, पंखा फिरू लागला, परंतु पडदा काळाच राहिला.

शेठांचा आवाज चढला. आठ-आठ दिवस यंत्र बंद ठेवल्यावर दुसरे काय होणार, असे ते गिऱ्हाइकांदेखत म्हणाले. आदल्याच संध्याकाळी त्यांनी साऱ्या गोताला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले होते. सून काही बोलली नाही.

येथे क्षणभर कथा बाजूला ठेवून यंत्र सुरू होते म्हणजे काय होते ते पाहणे इष्ट. बँकेची शाखा सकाळी कशी उघडते, हे व्यापारी वाचकांना ठाऊक आहे. आधी दार उघडून दिवे लागतात. मग तिजोरीच्या दोन चाव्या बाळगणारे दोघे एकत्र येतात. रोकड मोजली जाते, पुस्तके टेबलावर येतात, आणि त्यानंतरच काउंटर उघडतो. यांपैकी कोणतीही पायरी अडली की पुढची होत नाही. संगणकाचेही तसेच. भिंतीतील वीज आधी एसएमपीएस नावाच्या पेटीत जाते. ती पेटी तिचे बारा, पाच आणि सव्वातीन व्होल्टच्या आसपासच्या सौम्य प्रवाहात रूपांतर करते आणि सर्व ठीक असल्याचा इशारा मदरबोर्डला देते. मग मदरबोर्डवरील एका लहान चिपमध्ये कायम कोरलेली आज्ञावली जागी होते. तिला बायोस म्हणतात. ती प्रोसेसर, स्मृती म्हणजे रॅम, पडदा आणि कळफलक यांची हजेरी घेते. हजेरी पूर्ण झाली की ती हार्ड डिस्क शोधते, आणि तेथून विंडोज वर येते. टॅली हा या साऱ्या रांगेतील शेवटचा गिऱ्हाईक.

म्हणून बिघाड झाल्यावर पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसून ‘रांग कोठे अडली’ हा असावा. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, तर दोष विजेच्या वाटेवर: भिंतीतील खटका, यूपीएस, वायर किंवा एसएमपीएस. पुष्कळदा यूपीएसची बॅटरी संपलेली असते, आणि ती दोन-तीन वर्षांत संपतेच. संगणकाची वायर थेट भिंतीच्या प्लगमध्ये लावून पाहिले की दोन मिनिटांत निवाडा होतो. पंखा फिरतो परंतु पडद्यावर काही उमटत नाही, तर अडचण हजेरीच्या टप्प्यात, आणि तेथे बहुधा रॅम दोषी. पडद्यावर इंग्रजी अक्षरे येतात परंतु विंडोज येत नाही, तर डिस्ककडे किंवा बायोसच्या नोंदींकडे पाहावे. विंडोज येते परंतु अर्ध्या तासाने यंत्र आपोआप बंद पडते, तर प्रोसेसरवरचा पंखा धुळीने कोंदलेला आहे की काय ते पाहावे; अति तापल्यावर प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी यंत्र बंद करतो. काही यंत्रे हजेरीत दोष आढळला की ठरावीक संख्येने शिट्टी वाजवतात. त्या शिट्ट्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा निराळा, आणि हल्लीच्या पुष्कळ कॅबिनेटांत शिट्टी वाजवणारा लहान भोंगाच बसवलेला नसतो. त्यामुळे शांतता म्हणजे सर्व कुशल, असे समजू नये.

कोनच्या दुकानात शेठांच्या पुतण्याने योग्य तेथूनच सुरुवात केली. पडद्याची वायर दोन्ही टोकांना घट्ट केली, पडदा दुसऱ्या यंत्राला लावून पाहिला. पडदा निर्दोष. मग सर्व वायरी काढून त्याने कॅबिनेटची बाजू उघडली, आणि आत मुंग्यांचे वारूळ नसले तरी मुंग्यांची वसाहत मात्र होती. आठ दिवस बंद असलेली, कोरडी, अंधारी आणि पावसापासून सुरक्षित अशी जागा त्यांना आणखी कोठे मिळणार? पुतण्याने सवयीने फवारणीचा डबा उचलला.

शेठाणींनी तो त्याच्या हातून काढून घेतला. पर्युषण संपून एक दिवसही झालेला नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

हा प्रसंग केवळ धर्मभावनेचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कीटकनाशकाचा फवारा मदरबोर्डवर मारणे हे यंत्राच्या दृष्टीनेही अविचाराचे आहे. त्यातील तेलकट द्रव सांध्यांत बसतो, धूळ धरून ठेवतो, आणि विजेच्या ठिणगीजवळ तो पेटूही शकतो. जयणा येथे शहाणपणाशी जुळून आली. कॅबिनेट उघडे करून मागच्या पडवीत सावलीत उभे ठेवले. उजेड, वारा आणि हलवाहलव मुंग्यांना सोसत नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी आपली अंडी तोंडात धरून रांगेने भिंतीचा रस्ता धरला. मागे राहिलेल्यांना शेठाणींनी पूंजणीने हळुवार बाजूला केले. अर्धा दिवस गेला, हे खरे. परंतु चातुर्मासात यंत्राच्या आत जीव जाऊ नयेत यासाठी खरा उपाय आधीच करायचा असतो. कॅबिनेटच्या पाठीमागे रिकाम्या खाचांवर पत्र्याच्या पट्ट्या बसवाव्यात, त्या नसतील तर बारीक जाळी लावावी, परंतु पंख्याची वाट अडवू नये. टेबलावर साखर, शेव, बिस्किटे ठेवू नयेत. कोकणात पालीदेखील उबेसाठी एसएमपीएसमध्ये शिरतात. त्यात पालीचा जीव जातो आणि पेटी जळते. दोन्ही हानी एका जाळीने टळतात.

एसएमपीएसचा विषय निघाला आहे तर एक इशारा. ती पेटी घरी कधीही उघडू नये. तिच्या आतील संधारक सुमारे सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भारलेले असतात आणि वायर काढल्यावरही तो भार काही काळ तसाच राहू शकतो. हार्डवेअरच्या दुकानात पेचकस हाताशी असतो आणि उत्साहही असतो. दोन्ही या पेटीपासून दूर ठेवावेत. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा पेटीचा नसतो, अर्थिंगचा असतो. पेटीतील गाळणी थोडा प्रवाह धातूच्या अंगावर सोडते. तो जमिनीत जाण्यास वाट नसली की माणसाच्या हातातून जातो. अशा वेळी संगणकवाल्याला नव्हे, वायरमनला बोलवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॅमची पट्टी काढली. तिच्या सोनेरी दातांवर मळकट थर दिसत होता. पनवेल खाडी दूर नाही, आणि भाद्रपदातली हवा ओल्या फडक्यासारखी. सांध्यांवर असा थर बसणे नवल नव्हे. पुतण्याने साधे खोडरबर घेऊन दात हलक्या हाताने पुसले. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पट्टीला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. आणि खोडरबराचा चुरा पट्टीवर वा खाचेत राहू देऊ नये. पट्टीच्या मध्यावर नसलेली, एका बाजूस सरकलेली एक खाच असते. ती जुळली तरच पट्टी बसते, आणि बसताना दोन्ही टोकांच्या कडांचा टक असा आवाज येतो. आवाज न येता जोर करणाऱ्याने थांबून पट्टी उलटी धरली आहे का ते पाहावे.

पडदा उजळला. दुकानात सर्वांना हायसे वाटले, ते मिनिटभरच. पांढरी अक्षरे सांगत होती की तारीख व वेळ ठरलेली नाही आणि मूळ नोंदी लागू केल्या आहेत. तारीख कित्येक वर्षे मागची, एक जानेवारी. पुढे जाण्याची कळ दाबली तर विंडोजचे बोधचिन्ह क्षणभर दिसले आणि निळा पडदा आला. यंत्र पुन्हा आपोआप सुरू झाले, पुन्हा निळा पडदा. असे तीनदा झाले.

शेजारच्या गाळ्यातील एक होतकरू मुलगा आला. त्याने निळा पडदा पाहिला आणि निकाल दिला: विंडोज उडाली, फॉरमॅट मारावे लागेल, तासाभराचे काम. शेठांना तासाभरात होणारे काम हवेच होते. सुनेने एकच प्रश्न विचारला, “टॅलीचा डेटा सी ड्राइव्हमध्ये आहे, त्याचे काय?” मुलगा म्हणाला, “तो जाईल, वहिनी. बॅकअप असेल ना?”

बॅकअप होता. टेबलाच्या खणात, एका पेन ड्राइव्हवर. अक्षय तृतीयेचा. त्यानंतर साडेचार महिन्यांची बिले, उधारी आणि संघाच्या नोंदी फक्त त्या यंत्रात होत्या. चातुर्मासात संघात आलेली रक्कम, स्वप्नांच्या बोलींपूर्वीचे सारे चढावे, जीवदयेच्या टिपेची यादी, सारे.

सून उठून यंत्राजवळ उभी राहिली. “बाऊजी, फॉरमॅट नको,” ती म्हणाली. “तारीख का गेली हे कळल्याशिवाय काहीच नको.”

तिचा तर्क साधा होता आणि तो मुळातच बरोबर होता. डिस्क मेली असती तर बायोसच्या यादीत तिचे नाव दिसले नसते. ते दिसत होते. डिस्क मरणपंथाला लागली असती तर आतून टिक-टिक किंवा खरखर ऐकू आली असती. तिच्यात तसा आवाज नव्हता. (हल्लीच्या एसएसडी मात्र न बोलता जातात, तेथे कानावर विसंबता येत नाही.) आणि डिस्कच्या दोषाने यंत्राची तारीख बदलत नाही. म्हणजे तारखेचे आणि निळ्या पडद्याचे मूळ एक असण्याचा संभव अधिक. जमाखर्चात दोन ठिकाणी सारखाच फरक दिसला की दोन चुका शोधत बसू नये, एक नोंद शोधावी, हे ती पदवीच्या वर्गात शिकली असेल किंवा सासऱ्यांच्या हाताखाली.

तिसऱ्या दिवशी पनवेलहून एक वयस्क दुरुस्तीकार आला. त्याने यंत्र सुरूच केले नाही. आधी डिस्क काढली, एका जोडणीवायरीने आपल्या लॅपटॉपला लावली आणि टॅलीची संपूर्ण फोल्डरे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. “आधी नक्कल, मग दुरुस्ती,” तो म्हणाला. या एका सवयीवरून चांगला कारागीर ओळखावा. डिस्क खरोखर खराब असती तर तिला वारंवार सुरू करणे किंवा तिच्यावर दुरुस्तीची आज्ञा चालवणे म्हणजे आजारी माणसाला धावायला लावणे. तेथेही पहिले काम नक्कल हेच. जी डिस्क टिक-टिक करते ती घरी मुळीच पुन्हा सुरू करू नये.

नक्कल उतरत असताना त्याने विचारले, “शेठ, रात्री मेन स्विच कोण बंद करतं?”

“मीच,” शेठ म्हणाले. “चाळीस वर्षं करतोय.”

त्याने मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी बटणवजा बॅटरी काढली आणि मीटर लावला. तिच्यावर तीन व्होल्ट हवे होते. मीटरने सव्वादोन दाखवले.

या बॅटरीचे नाव सीआर २०३२. नावातच तिचे माप आहे: व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि बायोसच्या नोंदी जपणे, हे तिचे काम. भिंतीचा खटका चालू असेल तर संगणक बंद असूनही एसएमपीएस एक बारीक प्रवाह देत राहते आणि घड्याळ त्यावर चालते. बॅटरी विश्रांती घेते. मेन स्विच बंद केला की सारा भार बॅटरीवर. रोज रात्री दहा-बारा तास, आणि या खेपेस सलग आठ-नऊ दिवस. मुळात पाच-सहा वर्षांची थकलेली बॅटरी त्या काळात बसली, आणि बायोस आपल्या कारखान्यातील मूळ नोंदींवर परत गेले. त्या नोंदींत डिस्कशी बोलण्याची पद्धत निराळी होती. विंडोज ज्या पद्धतीवर बसवली होती ती बदलल्याने तिला स्वतःची डिस्क समोर असूनही वाचता येईना. निळा पडदा त्याचाच. घर तेच, सामान तेच, दाराचे कुलूप तेवढे बदललेले.

नवी बॅटरी बसली. दुरुस्तीकाराने डिस्कची पद्धत पूर्ववत केली, तारीख घातली, आणि विंडोज निमूटपणे वर आली. बॅटरीची किंमत एका चहा-नाश्त्याहून अधिक नव्हती. फॉरमॅट केले असते तर यंत्र सुरू झालेच असते, मुलाचे कौतुकही झाले असते, आणि साडेचार महिन्यांचा हिशेब कागदाच्या चिटोऱ्यांवरून पुन्हा उभा करावा लागला असता. संघाचा तर करताही आला नसता.

एक किरकोळ धक्का अजून बाकी होता. सुनेने कराचे संकेतस्थळ उघडले तर जोडणी सुरक्षित नसल्याची तांबडी सूचना आली. ती पुन्हा घाबरली. घाईत वर्षाचा शेवटचा आकडा एकाने कमी पडला होता. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. ते आपला संगणक ज्या वर्षात आहे असे समजतो त्या वर्षी निघालेलेच नव्हते, म्हणून यंत्राने ते नाकारले. बँकेचे संकेतस्थळही अशा वेळी उघडत नाही. पुष्कळ लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात; पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख आधी पाहावी.

विवरणपत्र एकोणीस तारखेला भरले गेले. उशीर झाला असता तर दररोज 50 रुपये विलंबशुल्क आणि रोखीने भरायच्या करावर वार्षिक 18 टक्के व्याज. दुकानास ते परवडले असते. परंतु कायद्याने हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपून ठेवायची असतात, आणि पुस्तके यंत्रात असतील तर यंत्रातील हिशेबही त्या पुस्तकांतच मोडतो. ‘संगणक बिघडला’ हे सहा वर्षांनी नोटिशीला उत्तर होऊ शकत नाही.

दोष कोणाचा, हा प्रश्न त्या घरात मनातल्या मनात चालू होता. शेठांचे मेन स्विच बंद करणे चुकीचे होते का? मुळीच नाही. ज्या दुकानात रंग आणि थिनरचे डबे रचलेले आहेत तेथे रात्री वीज तोडणे हेच योग्य, आणि ती सवय त्यांनी सोडू नये. यंत्राची सोय पाहून दुकानाला आगीचा धोका पत्करणे शहाणपणाचे नव्हे. मग बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलायची, एवढाच त्याचा अर्थ. सुनेने आठ दिवस यंत्र बंद ठेवले यातही काही वावगे नव्हते. शेठांनी रात्री जेवणानंतर सर्वांसमक्ष तिची क्षमा मागितली. संवत्सरीच्या संध्याकाळी सर्वांबरोबर म्हटलेले शब्द तेच होते, या वेळी ते एकाच व्यक्तीला उद्देशून होते. तिने “बाऊजी, तुम्ही काय म्हणता हे” म्हणून विषय बदलला.

बँकांमध्ये नव्वदच्या दशकात शाखांचे संगणकीकरण झाले तेव्हा दिवसअखेर नक्कल घेतल्याशिवाय कुलूप लागत नसे, आणि नकलेची एक प्रत शाखेबाहेर ठेवण्याचा दंडक असे. त्यामागे विजेची किंवा यंत्राची नव्हे, पुराची आणि आगीची भीती होती. कोकणात ती भीती कल्पनेतली नाही. 26 जुलै 2005 रोजी एकट्या सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच पावसाने रायगड जिल्हाही बुडवला. 22 जुलै 2021 रोजी महाड आणि चिपळूणच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. ज्यांच्या नकला त्याच खणात होत्या त्यांच्या नकलाही त्याच पाण्यात गेल्या असणार. यंत्राशेजारी ठेवलेली नक्कल बिघाडापासून वाचवते, आपत्तीपासून नाही. बँकेची आणखी एक रीत घरांनी उचलण्यासारखी आहे: तिजोरीच्या चाव्या दोघांकडे. टॅलीचा आणि ई-मेलचा पासवर्ड घरातील एकाच व्यक्तीस ठाऊक असणे योग्य नव्हे. तो बंद लिफाफ्यात घातलेला असावा आणि लिफाफा कोठे आहे हे दुसऱ्यास ठाऊक असावे. आणि नक्कल घेतली म्हणजे झाले असेही नाही. वर्षातून दोनदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून शिल्लक जुळते का ते पाहावे. न उघडलेली नक्कल ही न वटवलेल्या धनादेशासारखी. वटेपर्यंत खात्री नाही.

जुन्या यंत्रांविषयी एक शब्द. विंडोज 10 ला मिळणारी नियमित सुरक्षा 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. ज्या यंत्रावरून कर आणि बँकेचे व्यवहार होतात ते त्याच आवृत्तीवर अडले असेल आणि पुढची आवृत्ती त्याला पेलत नसेल, तर दुरुस्तीवर खर्च करण्याआधी विचार करावा. कोनचे यंत्र त्याच वयाचे आहे. दिवाळीनंतर नवे घेण्याचे ठरले आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव करून येण्याचा पुतण्याचा उत्साह आहे, तर शेठांचा आग्रह पनवेलच्या त्या दुरुस्तीकाराकडूनच घेण्याचा. शेठांचे बरोबर आहे. चारशे रुपये स्वस्त मिळालेले यंत्र चतुर्थीच्या आदल्या रात्री बंद पडले तर लॅमिंग्टन रोडवरून कोणी कोनला येत नाही.

दिवाळीला या घरात आजही चोपडापूजन होते. चौरंगावर लाल कापडी बांधणीची एक वही ठेवली जाते. पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीचे, धन्ना-शालिभद्रांच्या ऋद्धीचे आणि कयवन्ना शेठच्या सौभाग्याचे स्मरण शेठ स्वतःच्या हाताने लिहितात. ती वही पुढे वर्षभर कोरीच राहते, कारण हिशेब यंत्रात असतो. यंदा ती कोरी राहणार नाही. संघाच्या प्रत्येक दिवसाची शिल्लक, खातेनिहाय, एका ओळीत तिच्यात उतरवायची असे सासरे-सुनेने मिळून ठरवले आहे.

दुकानाची नक्कल आता रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर उतरते. दुसरी, मोठ्या डिस्कवरची, दर चतुर्दशीला. पक्खी प्रतिक्रमणाला शेठाणी पनवेलला धाकट्या बहिणीकडे जातात, तेव्हा आसन आणि मुहपत्तीच्या पिशवीत ती डिस्कही जाते आणि आधीची परत येते. कॅबिनेटच्या आतील बाजूस दुरुस्तीकाराने एक चिठ्ठी चिकटवली होती, त्यावर फक्त तारीख होती. शेठांनी ती काढून दुसरी लावली. वर ‘श्री’, खाली तिथी, तारीख, ‘सेल बदलला’, आणि पुढचा सेल कधी बदलायचा ते वर्ष.